शाळेतला उपवासकाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राखेचा बुधवार (ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, या दिवशी कपाळावर राख लावतात) जवळ आला की शिक्षकांच्या खोलीत आणि पालकांच्या गटांवर तेच तेच प्रश्न फिरू लागतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. चर्चचा नियम असेल तर तो नियम म्हणून सांगितला आहे. बाकी ठिकाणी आमचं मत आहे, आणि ते कुणाला पटलं नाही तरी हरकत नाही. उत्तरं मुख्यतः कॅथलिक परंपरेतली आहेत. इतर ख्रिस्ती मंडळ्यांविषयी पुढे वेगळा प्रश्न घेतला आहे.

उपवासकाळ, म्हणजे लेंट, नेमका कधीपासून कधीपर्यंत?

राखेच्या बुधवारपासून पवित्र गुरुवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारच्या, संध्याकाळपर्यंत. त्या संध्याकाळी प्रभुभोजनाची मिस्सा (चर्चमधली उपासना) सुरू झाली की उपवासकाळ संपतो आणि ईस्टरपर्यंतचे तीन पवित्र दिवस सुरू होतात. अर्थात गुड फ्रायडेचा उपवास पाळायचाच असतो.

पण हे दिवस मोजले तर चाळीस भरत नाहीत. असं का?

गणिताच्या तासाला हमखास निघणारा प्रश्न. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर ४६ दिवस होतात. मधले सहा रविवार वगळले की ४० उरतात. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून त्या दिवशी उपवास धरत नाहीत. चाळीस हा आकडा येशूने अरण्यात घालवलेल्या दिवसांवरून आला. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी हाच प्रसंग वाचला जातो. इ. स. ३२५ मधल्या निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेच्या पाचव्या नियमात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे, म्हणजे ही प्रथा तेव्हाही लोकांच्या ओळखीची होती.

दरवर्षी तारीख बदलते. वेळापत्रक कसं आखायचं?

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. (ही पौर्णिमा चर्चच्या ठरलेल्या कोष्टकातली, आकाशातली नव्हे. क्वचित दोन्हींत फरक पडतो.) त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो आणि राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. २०२८ मध्ये याच तारखा १ मार्च आणि १६ एप्रिल अशा आहेत. परीक्षा, सहली आणि स्नेहसंमेलनाच्या तारखा ठरवण्याआधी हे एकदा पाहून घेतलं तर पुढची बरीच कुरकुर टळते.

कपाळावरची राख कशाची असते?

आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती करतात. राख लावताना दोनपैकी एक वाक्य म्हणतात. एक उत्पत्तीच्या पुस्तकावर आधारलेलं: तू माती आहेस आणि मातीला मिळशील, याची आठवण ठेव. दुसरं मार्कच्या शुभवर्तमानातलं: पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. बालवर्गासाठी दुसरं घ्यावं असं आम्हाला वाटतं. पहिलं वाक्य ऐकून नुकतेच आजोबा गेलेलं एखादं मूल दिवसभर गप्प बसू शकतं.

आमचं मूल ख्रिस्ती नाही. त्याला राख लावतील का?

लावून घ्यायची असेल तर लावतात. नको असेल तर अजिबात लावू नये. राख हा संस्कार नाही. आपल्या कमकुवतपणाची कबुली देणारी ती एक खूण आहे आणि ती घ्यायला बाप्तिस्मा लागत नाही. खरी अडचण असते रांगेची. सगळा वर्ग एका ओळीत उभा केला की नको म्हणणाऱ्या मुलाला सगळ्यांदेखत बाजूला व्हावं लागतं. त्यापेक्षा मुलांना जागेवर बसवावं आणि ज्याला यायचं त्याने उठून यावं. पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी जावी आणि तिच्यात दोन्ही पर्याय सारख्याच साध्या शब्दांत लिहिलेले असावेत.

कपाळाला हात लावून घ्यायचा नसेल तर डोक्यावर राख शिंपडण्याचीही रीत आहे. जगात बऱ्याच ठिकाणी तीच चालते. २०२१ मध्ये महामारीच्या काळात व्हॅटिकनने स्पर्श टाळून राख शिंपडण्याची सूचना दिली, तेव्हा ती आणखी लोकांना ठाऊक झाली.

राख पुसली तर पाप लागतं का?

नाही. खेळाच्या तासाला घामाने गेली तरी काही बिघडत नाही. गंमत अशी, की त्याच दिवशी वाचल्या जाणाऱ्या मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, उपवास करताना तोंड धुवा आणि लोकांना दाखवत फिरू नका. ठेवणारा आणि पुसणारा, दोघांनाही या वाचनात आधार सापडेल.

शाळेतल्या मुलांनी उपवास धरायचा का?

नियमाने नाही. कॅथलिक धर्मनियमानुसार (१९८३ची संहिता, कलम १२५२) उपवास वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि ५९ पूर्ण झाल्यावर सुटतो. तोही अख्ख्या उपवासकाळात दोनच दिवस: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्यातही निर्जळी राहायचं नसतं. एक पूर्ण जेवण करता येतं, शिवाय दोनदा थोडंसं खाता येतं, फक्त ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये. शुक्रवारी मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम मात्र १४ वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना आहे. म्हणजे शाळेत उपवासाचं बंधन असलं तर ते शिक्षकांना, सातवीतल्या मुलाला नव्हे.

त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की लहान मुलांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ समजेल याकडे पालकांनी आणि धर्मगुरूंनी लक्ष द्यावं. अर्थ समजावणं वेगळं आणि उपाशी ठेवणं वेगळं. वाढत्या वयातल्या, औषध घेणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या मुलाने जेवण टाळणं धोक्याचं आहे आणि चर्च ते मागतही नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. वजनाच्या भीतीने खाणं टाळणाऱ्या किशोरवयीन मुलांना उपवासकाळ हे आयतं कारण मिळतं. घरी कुणी हटकत नाही, उलट शाबासकी मिळते. सलग काही दिवस एखाद्याचा डबा न उघडता घरी जात असेल, मूल सुकत चाललं असेल, मधल्या सुट्टीत ते कुठेतरी निघून जात असेल, तर भक्तीचं कौतुक न करता त्याच दिवशी घरी फोन करावा आणि शाळेच्या समुपदेशकांना सांगावं. जेवण सोडलेलं मूल आदर्श म्हणून वर्गासमोर कधीही उभं करू नये.

शुक्रवारी डब्यात मांसाहार आला तर?

काहीही करू नये. चौदा वर्षांखालच्या मुलाला हा नियमच नाही आणि दुसऱ्या धर्माच्या मुलाचा त्याच्याशी संबंध नाही. डबे तपासणं हे शाळेचं काम नाही. शाळेचं स्वतःचं उपाहारगृह असेल तर शुक्रवारी तिथे मांसाहार न ठेवणं रास्त आहे. मासे, अंडी, दूध यांना कॅथलिक नियमाची हरकत नाही. देशोदेशीच्या बिशप परिषदा या नियमात थोडेफार बदल करू शकतात, तेव्हा आपल्या चर्चमध्ये विचारून घ्यावं.

एक अपवाद. मोठा सण शुक्रवारी आला तर त्या दिवशी हा नियम लागू होत नाही. २०२७ मध्ये संत जोसेफचा सण, १९ मार्च, शुक्रवारीच येतो आहे.

“तू काय सोडलंस?” असं मुलं एकमेकांना विचारतात. काय सोडावं?

चॉकलेट, गेम, मोबाइल ही नेहमीची उत्तरं आणि ती वाईट नाहीत. २०२० च्या राखेच्या बुधवारी पोप फ्रान्सिस यांनीही मोबाइल बाजूला ठेवून शुभवर्तमानाकडे वळायला सांगितलं होतं. पण सोडलेल्या वस्तूमुळे मोकळा झालेला वेळ किंवा पैसा पुढे कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. प्रार्थना, उपवास आणि दान या तीन गोष्टी मत्तयच्या त्या अध्यायात एकापाठोपाठ येतात. त्यातल्या उपवासापुरतंच थांबलं तर हाती उरतं ते नुसतं पथ्य. मोबाइलचा अर्धा तास वाचला तर तो आजीशी बोलण्यात, धाकट्याचा अभ्यास घेण्यात किंवा शांत बसण्यात जावा, आणि हे आधीच ठरवून ठेवावं. नाही तर तो अर्धा तास टीव्हीकडे जातो.

मोठ्या वर्गांसाठी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय काढावा. उपवास धरूनही भांडणाऱ्या, मुठी उगारणाऱ्या आणि आपल्या कामकऱ्यांना राबवून घेणाऱ्या लोकांना तिथे संदेष्टा चांगलंच फैलावर घेतो. भुकेल्याला भाकर आणि बेघराला निवारा देणं हा देवाला हवा असलेला उपवास, असं तो म्हणतो. मैदानावरच्या मारामाऱ्या, टोपणनावं, एखाद्याला गटातून वगळणं या सगळ्यांवर बोलायला एवढा चांगला उतारा दुसरा मिळणार नाही. चिडवणं सोडणं हे चॉकलेट सोडण्यापेक्षा कितीतरी अवघड, हे पाचवीतली मुलंही लगेच कबूल करतात.

वर्गात तक्ता लावून रोज ज्याने त्याग केला त्याला चांदणी द्यावी का?

आमचं मत स्पष्ट आहे: लावू नये. असे तक्ते दिसायला छान असतात, मुलांनाही आवडतात, आणि शिक्षकांचा हेतू चांगला असतो याबद्दल शंका नाही. पण उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे शुभवर्तमान सकाळी परिपाठात वाचायचं आणि त्याच दिवशी कुणाच्या नावापुढे किती चांदण्या हे भिंतीवर टांगायचं, यातला विरोध मुलांना आपल्याआधी कळतो. शिवाय तक्ता खोटं बोलायला शिकवतो. तिसऱ्या आठवड्यात ज्याच्या चांदण्या कमी पडतात, तो त्याग वाढवत नाही, चांदण्या वाढवतो.

शाळेला सगळं मोजायची सवय असते: गुण, हजेरी, क्रमांक. उपवासकाळात ती सवय थोडी बाजूला ठेवता आली तर तो शाळेचाच त्याग म्हणायचा. करून पाहण्याजोगी एक साधी रीत आहे. प्रत्येकाने आपला निश्चय कागदावर लिहावा, पाकिटात घालावा, पाकीट चिकटवावं आणि वर नाव टाकावं. शिक्षकांनी ती न उघडता कपाटात ठेवावीत आणि ईस्टरनंतर परत द्यावीत. जमलं की नाही ते ज्याचं त्याने पाहावं. पाकिटात काय होतं असं विचारूही नये. कुणाला कोरा कागद ठेवायचा असेल तर त्यालाही मोकळीक हवी.

मध्येच मोडलं तर?

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं. नवस नव्हता तो.

रविवारी सोडलेली गोष्ट खाल्ली तर चालते का?

चालते. रविवार चाळिसांत धरत नाहीत हे वर आलंच आहे. काही जण तरीही सलग पाळतात, तेही योग्य. मात्र शनिवारी रात्री बारा वाजता डोळे लावून बसायचं आणि रविवारी आठवड्याचा साठा संपवायचा, असं होत असेल तर घरी हसत हसत विषय काढावा.

दानपेटीसाठी वर्गावर्गांत स्पर्धा ठेवली तर रक्कम जास्त जमते. मग काय हरकत आहे?

रक्कम जास्त जमते, खरं आहे. पण ती कुणाच्या खिशातून येते ते पाहा. स्पर्धा लागली की मुलं पालकांकडे नोटा मागतात आणि ज्याच्या घरी देण्यासारखं काही नाही ते मूल पेटी फिरताना दप्तरात डोकं घालतं. मार्कच्या बाराव्या अध्यायात येशू देवळाच्या पेटीजवळ बसून पाहत असतो आणि दोन नाणी टाकणाऱ्या विधवेने सर्वांत जास्त दिलं असं म्हणतो. आपल्या स्पर्धेत तिचा वर्ग शेवटचा आला असता.

दान आणि त्याग यांची सांगड घातली की हा पेच सुटतो. १९७५ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन इथे सुरू झालेल्या ‘राइस बोल’ उपक्रमात नेमकं हेच होतं: आफ्रिकेतल्या दुष्काळाची बातमी ऐकून कुटुंबांनी एक साधं जेवण करायचं आणि वाचलेले पैसे पुठ्ठ्याच्या छोट्या डब्यात टाकायचे. पुढे कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस या संस्थेने तो उपक्रम हाती घेतला. शाळेत करताना मुलाने स्वतःचं काही वाचवून टाकावं, पालकांकडून मागून नव्हे, एवढं एक पथ्य ठेवलं तरी खूप.

व्यवहाराच्या गोष्टीही सांभाळायला हव्यात. पैसे कुठे जाणार ते पहिल्या दिवशी सांगावं. पेटी बंद असावी आणि दाराजवळ ठेवावी, वर्गातून फिरवू नये. उघडताना दोन मोठी माणसं हजर असावीत. एकूण रक्कम शाळेची म्हणून जाहीर करावी, वर्गवार नाही. आणि मदत घेणाऱ्यांचे फोटो काढू नयेत. मदत घेणारं घर याच शाळेतल्या एखाद्या मुलाचं असू शकतं.

शाळेत पापनिवेदन (फादरांपुढे आपली पापं सांगणं) ठेवलं तर सगळ्या कॅथलिक मुलांना जावंच लागेल का?

नाही. कळत्या वयाच्या प्रत्येक कॅथलिकाने गंभीर पापांचं निवेदन वर्षातून एकदा तरी करावं असा चर्चचा नियम आहे, पण ते कुठे आणि कोणत्या फादरांकडे करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. शाळेने वेळ द्यावा, हजेरी घेऊ नये. कोण आत किती वेळ होतं यावर शिक्षकांनी थट्टेतही बोलू नये. फादर आणि मूल दोघेही दुरून दिसतील पण बोलणं ऐकू येणार नाही अशी जागा निवडावी. फादरांवर गुप्ततेचं बंधन पूर्ण असतं, मुलांवर नसतं. आपण काय सांगितलं ते मूल आईला सांगू शकतं, हेही त्यांना माहीत असू द्यावं.

क्रूसाची वाट लहान मुलांना झेपेल का?

क्रूसाची वाट म्हणजे येशूच्या मृत्यूपर्यंतच्या चौदा प्रसंगांपुढे, म्हणजे स्थानकांपुढे, थांबत केलेली प्रार्थना. चौदाच्या चौदा स्थानकं एका दमात नको. चौदा हा आकडा १७३१ मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांनी निश्चित केला. त्यातले काही प्रसंग, उदाहरणार्थ वेरोनिका नावाच्या स्त्रीने येशूचा चेहरा पुसणं किंवा येशूचं तीनदा पडणं, शुभवर्तमानात नाहीत, परंपरेतून आलेले आहेत. १९९१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या कोलोसियममध्ये केवळ बायबलमधल्या प्रसंगांवर आधारलेली क्रूसाची वाट केली. म्हणजे मांडणीत थोडं स्वातंत्र्य आहेच. पहिली ते चौथीसाठी तीन-चार स्थानकं पुरतात. सायमन कुरेनेकर क्रूस उचलायला पुढे येतो ते स्थानक मुलांना फार जवळचं वाटतं, कारण तिथे करण्यासारखं काहीतरी असतं. रक्त, खिळे, चाबूक यांचं वर्णन आवरतं घ्यावं.

नाट्यरूप बसवत असाल तर एका गोष्टीबाबत ढिलाई नको. येशूच्या मृत्यूचा दोष यहुदी लोकांवर टाकणारं एकही वाक्य संहितेत असू नये. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट म्हटलं की त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांना किंवा आजच्या यहुद्यांना त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. जुन्या वहीतून उतरवलेल्या संहितांमध्ये असे संवाद अजून सापडतात. ते काढून टाकावेत. येशू, त्याची आई आणि पहिले शिष्य यहुदीच होते, हेही तालमीच्या वेळी सांगावं.

आमच्याकडे प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स कुटुंबंही आहेत. ती हे पाळतात का?

कुणी पाळतं, कुणी नाही. अँग्लिकन, लुथरन आणि मेथडिस्ट मंडळ्यांत उपवासकाळ असतो. अनेक बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या तो पाळत नाहीत, आणि त्यामागे विचार आहे: बायबलने न सांगितलेलं बंधन माणसांनी घालू नये. १५२२ मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी उपवासकाळात मुद्दाम सॉसेज खाल्ले आणि तिथले धर्मसुधारक झ्विंगली यांनी त्यांची बाजू घेतली. तिथल्या धर्मसुधारणेची ती ठिणगी ठरली. नववीच्या इतिहासाला जोडून सांगण्याजोगी ही गोष्ट आहे.

ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये राखेचा बुधवार नसतो. त्यांचा उपवासकाळ सोमवारी सुरू होतो. आदल्या रविवारी सगळे एकमेकांची क्षमा मागतात. नियम कॅथलिकांपेक्षा कडक: मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. ईस्टरची तारीखही बहुधा वेगळी. २०२५ मध्ये दोन्ही एकाच दिवशी, २० एप्रिलला आले, २०२७ मध्ये मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांचा ईस्टर २ मे रोजी आहे. अशा मुलाला परीक्षेच्या वेळापत्रकात दोनदा विचारात घ्यावं लागतं.

रमजान आणि उपवासकाळ एकत्र आले तर?

सध्या येत आहेत. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला आणि रमजानही त्याच सुमारास सुरू झाला. २०२७ मध्येही दोन्ही जवळजवळच सुरू होतील. अशा वर्षी मधल्या सुट्टीत न जेवणाऱ्यांसाठी वाचनालय उघडं ठेवावं, धावण्याच्या शर्यती पुढे ढकलाव्यात. दोन्ही उपवास सारखेच असं मात्र परिपाठात सांगू नये. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही न पिणारं मूल आणि शुक्रवारी मांसाहार टाळणारं मूल वेगवेगळ्या गोष्टी करत असतात. एकमेकांना कुतूहलाने विचारू द्यावं, ते बरंच काही शिकतात.

वाढदिवस, स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ बंद ठेवायचे का?

वाढदिवस अजिबात नाही. मोठे समारंभ शक्यतो पुढे-मागे करावेत, निदान शुक्रवारी नकोत. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, तर नकोतच. २५ मार्चला येशूची आई मारिया हिला मिळालेल्या देवदूताच्या निरोपाचा सण आणि १९ मार्चचा संत जोसेफचा सण उपवासकाळातही थाटात होतात, त्या दिवशी गाणी-बजावणी जरूर करावी.

वर्गाची सजावट कशी असावी?

कमी. जांभळं कापड, साधा क्रूस, फुलं नाहीत. चौथ्या रविवारी गुलाबी रंग चालतो. या काळात आलेलुया (देवाच्या स्तुतीचा जयघोष) गात नाहीत, म्हणून काही शाळांत मुलं तो शब्द मोठ्या कागदावर रंगवून खोक्यात बंद करतात. ही प्रथा मध्ययुगापासूनची आहे आणि छोट्यांना ती फार आवडते.

ईस्टरला सुट्टी असते. मग शेवटच्या दिवशी शाळेतच ईस्टर साजरा केला तर?

पुष्कळ शाळा करतात: पवित्र आठवड्यातल्या बुधवारी रंगीत अंडी आणि गोड खाऊ. सोयीचं आहे, पण मुलांचा गुड फ्रायडे ईस्टरनंतर येतो. याची गरजही नाही, कारण ईस्टरचा काळ एका दिवसाचा नसून पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत पन्नास दिवसांचा असतो. सुट्टीपूर्वी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग, योहानचा तेरावा अध्याय, वाचावा, हवं तर मुख्याध्यापकांनी काही विद्यार्थ्यांचे पाय धुवावेत. खाऊ, फुलं आणि गाणी शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात ठेवावीत. ऑर्थोडॉक्स मुलांची तारीख पुढे असेल तर त्यांचा खाऊ त्यांच्या ईस्टरनंतरच्या सोमवारी द्यावा.